पश्चिमेची रांग

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताई,

सही करणार नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण मग तू म्हणशील, धाकटी नेहमीसारखी फुगून बसलीय. म्हणून कारणासकट लिहिते. फोन करत नाही, कारण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला माझं बोलणं तोडतेस आणि तिसऱ्याला तुझी मीटिंग असते. पत्र तोडता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. समोरचा शेवटी काय म्हणाला हे कळल्याशिवाय तुला चैन पडत नाही, लहानपणापासून.

तर तुझा तो शिष्योत्तम परवा येऊन गेला. बगलेत तुझा नकाशा, हातात लाल फितींची गुंडाळी. मी चहा विचारला तर म्हणाला, "नको, मॅडमनी आधी काम म्हटलंय." मॅडम म्हणजे तू. मग बागेतल्या पश्चिमेच्या रांगेतल्या एकेका सरूच्या झाडाला फीत बांधत गेला, लग्नातल्या करवल्या सजवाव्यात तसा. शेवटच्या झाडाशी पोचल्यावर मला कळलं की ज्यांना फिती बांधल्या ती पडणार.

संध्याकाळी ट्रस्टचा कागद आला. "बाग मूळ आराखड्याप्रमाणे सरळ करणे. पश्चिमेची रांग वाकडी असल्याने काढून नवी रांग पूर्वेच्या रांगेला समांतर लावणे. तळ्याचा काठ त्यानुसार सरकवणे." खाली तुझी सही. त्याखाली अध्यक्षांची. त्याखाली रिकामी जागा, निवासी वास्तू-निरीक्षकाच्या ना-हरकतीसाठी. ती निरीक्षक मी. ती जागा रिकामीच राहणार.

तू म्हणशील, हरकत काय ते सांग. सांगते. दोन शतकं उभी असलेली झाडं तुझ्या पट्टीला समांतर नाहीत म्हणून कापायची, ही हरकत. या वाड्यावरच्या तुझ्या पुस्तकात लिहिलंय की आखणी करताना माळ्याची दोरी सरकली असावी. 'असावी' हा शब्द तूच लिहिलायस. त्या एका 'असावी'वर इथले गाइड वर्षानुवर्षं पोट भरतायत. पाहुण्यांना मधल्या सज्ज्यात उभं करतात, तळं डावीकडे सरकलेलं दाखवतात आणि म्हणतात, "त्या दिवशी माळ्याला चढली होती." लोक खो खो हसतात. मीही हसायचे. आता त्या विनोदावर करवत चालणार म्हटल्यावर हसू येत नाही.

माळी दारू पिऊन एक झाड वाकडं लावेल, ताई. अख्खी रांग नाही. दुसऱ्या दिवशी तरी उतरली असेल की.

माझ्याकडे याहून जास्त काही नाही, हे कबूल. पण जे का वाकडं आहे ते कळत नाही, ते कापायचं नाही, हे मला कोणी शिकवलं? तूच शिकवलंस, माझं कॉलेजातलं पहिलं वर्ष चालू असताना, आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून. त्या ताईला मी मानते. या मॅडमना ओळखत नाही.

आई मला आडमुठी म्हणायची. तेच खाली लिहिते.

तुझी
आडमुठी


सोमवार, १० फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी पालथी झोपून लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस. पाठीत चमक भरलीय. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. पण आधी गंमत ऐक. गंमत कसली, माझ्या अंगावर काटा आलाय.

तुझा कागद आल्यापासून मी ठरवलं होतं की हा वाडाबिडा काही नाही, हे एक बांधलेलं घर आहे आणि घर सगळं मोजलं पाहिजे. सगळं म्हणजे सगळं. पश्चिम टोकाची तळमजल्यावरची खोली तुला आठवणार नाही, कारण तू तिच्यात कधी गेलीच नाहीस. तेव्हा तिला कुलूप होतं आणि आत मोडक्या खुर्च्या. आत्ताआत्तापर्यंत होत्या. मी गेल्या आठवड्यात त्या बाहेर काढल्या, झाडणाऱ्या मावशींनी कोळिष्टकं काढली, आणि मी टेप घेऊन आत गेले.

छताला एक लोखंडी कडी आहे. खोलीच्या मधोमध नाही, आतल्या कोपऱ्यात, भिंतीपासून हातभर. तिची उंची घ्यायला स्टुलावर चढले, हात वर केला, आणि पाठीत जी काय कळ आली! कशीबशी स्टुलावरून उतरले आणि त्याच कोपऱ्यात फरशीवर आडवी झाले. हाका मारल्या. मावशी वरच्या मजल्यावर, त्यांना ऐकू येईना. पडून राहण्याशिवाय इलाज नव्हता.

आता नीट वाच. या घराच्या तळमजल्याच्या खिडक्या बाहेरून पुरुषभर उंच दिसतात, वरच्या झडपा नि खालच्या झडपा. पण खालच्या झडपा खोट्या. त्यांच्यामागे कमरेएवढी भिंत आहे, झडपा फक्त बाहेरून शोभेला ठोकलेल्या. हे तुझ्याच पुस्तकात आहे, चित्रासकट. तर मी पडल्या पडल्या समोर बघतेय, आणि त्या खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागात, जिथे भिंत असायला हवी तिथे, लाकूड आहे. आणि लाकडाच्या फटीतून उजेड येतोय.

खोट्या झडपेमागून उजेड कसा येईल?

सरपटत गेले. माझ्या वयाच्या बाईनं सरपटणं काही शोभेचं दृश्य नव्हतं, मावशी नव्हत्या तेच बरं. टाचेनं एक लाथ घातली. रंगाचे थर चिकटलेले, पहिल्या लाथेला काही नाही. दुसरी घातली तेव्हा माझी पाठही ओरडली आणि झडपही. उघडली. मी परत कोपऱ्यात येऊन पडले, कारण तिथेच काय ती कळ थांबत होती. मान वळवली आणि बाहेर बघितलं.

ताई, बाग सरळ होती.

मला कसं सांगावं कळत नाही. चौकटीच्या डावीकडे सरू, उजवीकडे सरू, दोन्ही रांगा सारख्याच लहान लहान होत गेलेल्या आणि मधोमध तळं. अगदी मधोमध. पुढची खडीची वाट दिसतच नव्हती, हिरवळीच्या उंचवट्यामागे गेली होती. पाणी आणि झाडं आणि आभाळ, बस्स. जी रांग सज्ज्यातून वाकडी, जी अंगणातून वाकडी, जी विमानातून काढलेल्या तुझ्या फोटोत वाकडी, ती त्या कोपऱ्यातून, फरशीच्या वीतभर वरून बघितली की सुतासारखी सरळ.

मी उठायचा प्रयत्न केला. कोपरावर उठले तर तळं थोडं सरकलं. मावशींनी येऊन मला धरून उभं केलं तर सगळं पुन्हा विसकटलं, माळ्याला चढलेली तीच बाग. म्हटलं, "मावशी, मला परत खाली ठेवा." त्या म्हणाल्या, "बाई, डॉक्टरांना बोलवू का वेड्यांच्या डॉक्टरांना?"

कोणीतरी त्या कोपऱ्यात झोपून होतं. दोन दिवसांच्या तापानं नव्हे. झाडं वाढून मोठी व्हायला जितकी वर्षं लागतात, तितकी वर्षं झोपून असणार हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी ही बाग त्या पलंगासाठी आखली. कोण होतं ते मला ठाऊक नाही. मालकाची आई, बायको, बहीण, कोण जाणे. मी गोष्ट रचणार नाही. पण माळ्याची दोरी सरकली नव्हती, ताई. ती जिथे धरायला सांगितली तिथेच त्यानं धरली होती.

करवतवाल्यांना थांबव. बाकीचं मग बोलू.

आडमुठी


बुधवार, १९ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. पाच वर्षांत पहिल्यांदा तुझ्या हातचं अक्षर बघितलं, तेही तीन ओळींचं. "पुरावा दे. पाठदुखी हा पुरावा नाही. कडी झुंबराची असणार." खाली सही, पूर्ण नावानिशी, जणू मी विमा कंपनी आहे.

वाचून आधी भयंकर राग आला. मग बरंही वाटलं. तू 'मूर्खपणा आहे' असं लिहिलं नाहीस, पुरावा मागितलास. घे.

पहिलं. मी चारही कोपऱ्यांच्या खोल्या तपासल्या. तीन खिडक्यांच्या खालच्या झडपांमागे भिंत आहे, आणि या एकीमागे नाही. नंतर फोडलेलीही नाही, कारण कडेचा दगड अखंड आहे आणि गिलावा जुन्याच हाताचा. म्हणजे बांधतानाच ही खिडकी खरी ठेवली, आणि बाहेरून कोणाला वेगळी दिसू नये म्हणून बाकीच्यांना खोट्या झडपा लावल्या. लक्षात येतंय का? आपण समजत होतो शोभेसाठी. एका खिडकीला लाज वाटू नये म्हणून घरभर झडपा ठोकल्या त्यांनी.

दुसरं. हे तुझ्या नजरेतून कसं सुटलं? तू काही आंधळी नाहीस. मी तुझ्या पुस्तकातलं चित्र उघडून बसले. घराचा दर्शनी भाग, तुझं सगळ्यात गाजलेलं पान, पुस्तकाच्या वेष्टनावरही तेच. भिंग लावलं. पूर्वेच्या एका खांबाला खाली एक टवका उडालेला आहे, तू तो प्रामाणिकपणे काढलायस. चित्रात पश्चिमेच्या खांबालाही तसाच टवका आहे, उलट्या बाजूला. मी जाऊन बघितलं. पश्चिमेचा खांब धडधाकट आहे.

अर्धं घर मोजलंस आणि उरलेलं उलटं करून चिकटवलंस.

चिडू नकोस. आपल्या धंद्यात सगळे करतात. दोन्ही बाजू सारख्या असलेलं घर दिसलं की अर्धं मोजायचं आणि कागद दुमडायचा. मला तूच शिकवलंस, "वेळ वाचतो गं, आणि असल्या घरांचे मालक नियमाबाहेर जात नाहीत." आता ज्या घराचं अर्धंच मोजलं त्याची बाग वाकडी ठरवायची, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा झाल्या.

तिसरं. कडी.

झुंबर कधी कोणी खोलीच्या कोपऱ्यात टांगतं का? तेही भिंतीपासून हातभरावर? तुला ती झुंबराची वाटली कारण तू तसली कडी बघितलेली नाहीस. मी बघितलीय. रोज बघायचे. आपल्याच घरात.

आईला कुशीवर वळता येईना तेव्हा सुताराकडून मी तिच्या पलंगावर छताला कडी बसवून घेतली होती. तिला पट्टा बांधला. तो धरून ती स्वतःला ओढून वळायची. कोणी हात लावलेला तिला आवडायचं नाही, "माझी मी वळेन" म्हणायची. पट्टा कसला होता सांगू? तुझ्या कॉलेजातल्या ड्रॉइंगच्या पिशवीचा. घरात तेवढा एकच मजबूत सापडला. शेवटी शेवटी तो तिच्या हाताच्या घामानं काळा पडला होता.

तू तेव्हा पलंग पाठवला होतास. आठवतो? बटण दाबलं की डोक्याकडून उचलला जाणारा, परदेशी. आपल्या दारातून आत गेला नाही. हमालांनी उभा केला, आडवा केला, कुशीवर घेतला, शेवटी जिन्यात ठेवून गेले. एवढी मोठी वास्तुविशारद, आणि ज्या दारातून लहानाची मोठी झाली त्याचं माप घेतलं नाही! आई तेव्हा इतकी हसली की मला वाटलं आता श्वास अडकतो. मी नव्हते हसले. अजून हसत नाही.

तू यायला हवं होतंस. आता लिहूनच टाकते, पाच वर्षं घशात अडकलंय. पलंग नको होता, पैसे नको होते, तू हवी होतीस. तिच्या शेजारी एक दुपार आडवी झाली असतीस तर त्या खोलीतली कडी बघून तुला झुंबर आठवलं नसतं.

पुरावा मागितलास, दिला.

आडमुठी


मंगळवार, ४ मार्च

ताई,

तुझ्याकडून उत्तर नाही. मूग गिळून बसली आहेस. ठीक. इथे काय चाललंय ते तुला अध्यक्षांकडून कळेलच, पण ते तिखटमीठ लावून सांगतील म्हणून मूळ प्रत माझ्याकडून.

शुक्रवारी ट्रस्टची बैठक झाली. मी सगळं मांडलं. खिडकी, टवका, कडी. तुझा शिष्योत्तम नखं बघत बसला होता. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या भावना समजतात." ताई, हे वाक्य ऐकलं की माझं टाळकं सरकतं. मी भावना मांडल्याच नव्हत्या, मापं मांडली होती. म्हटलं, "साहेब, इथून चाळीस पावलांवर ती खोली आहे. चला, आडवे व्हा आणि बघा." त्यांनी आपल्या इस्त्रीच्या सुटाकडे बघितलं आणि म्हणाले, "अहो बाई, बाग ही उभ्यानं बघायची गोष्ट आहे."

मी म्हटलं, "ज्याला उभं राहता येतं त्यानं."

मग ठराव झाला. सही दिली नाही तर नोकरी गेली, शनिवारपर्यंत किल्ल्या जमा करा, करवतवाले सोमवारी. झाडांनी अजून काय करायला हवं होतं देव जाणे. जगून राहिली, हा त्यांचा गुन्हा.

तर मी काय केलं ऐक. शनिवारी किल्ल्या जमा केल्या, एक सोडून. त्या खोलीची माझ्याकडेच ठेवली. रविवारी सकाळी माझ्या घरची गादी उचलली, मावशींनी एक बाजू धरली, आणि कोपऱ्यात कडीखाली, जुन्या बुटक्या पलंगासारखी, जमिनीलगत फळी मांडून तिच्यावर टाकली. दारावर पाटी लावली: "माळ्याला चढली नव्हती. आडवे व्हा आणि बघा."

रविवार, गर्दीचा दिवस. सुरुवातीला लोक लाजत होते. एक कॉलेजातलं पोरगं थट्टेनं झोपलं, मित्र हसत होते, आणि ते पोरगं थट्टा विसरून बघतच राहिलं. म्हणालं, "अरे, तू बघ." मग दुसरा. मग त्या दोघांच्या मागे रांग लागली. दुपारी रांग दिवाणखान्यातून जिन्यापर्यंत! एका आजोबांना उठवावं लागलं, ते म्हणाले, "पोरी, मी तिकीट काढलंय, बघू दे." एका बाईनं उठताना माझा हात घट्ट धरला. गाइडांपैकी सगळ्यात जुना, तो खोडकर, तोही येऊन झोपला. उठला आणि म्हणाला, "च्यायला, माझा विनोद गेला."

अध्यक्ष संध्याकाळी आले. तोंड टोमॅटोसारखं. "हे काय चालवलंय? ही वास्तू आहे का दवाखाना?" मी म्हटलं, "साहेब, एके काळी दोन्ही होती." पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं काढली. मी दुसरी लावली, माझ्याकडे पुठ्ठा भरपूर आहे.

सोमवारी करवतवाले आले. खरोखरच आले. मी रांगेच्या पहिल्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते, पाठीला पट्टा बांधून. मुकादम भला माणूस होता, म्हणाला, "ताई, उठा." मी म्हटलं, "माझी पाठ धरलीय. उठता येत नाही." खोटं नव्हतं. तो म्हणाला, मग आम्ही दुसऱ्या टोकापासून सुरू करतो. तर दुसऱ्या टोकाला मावशी बसल्या होत्या, लसूण सोलत. मधे ते आजोबा. रविवारी बघून गेलेले, आता नातवंडांसकट परत आलेले. मुकादमानं डोकं खाजवलं, अध्यक्षांना फोन लावला, आणि अध्यक्ष म्हणाले, 'मॅडमना विचारून सांगतो.' म्हणजे तुला. तुझा फोन लागत नव्हता. ते परत गेले, सोमवारी पुन्हा येतो म्हणून.

तेव्हा आता सगळं तुझ्यावर आहे. एका शब्दानं रांग पडेल, एका शब्दानं राहील. माझा शब्द तर मी देऊन मोकळी झाले.

खोलीची किल्ली मी ट्रस्टला देणार नाही, पोलिसांना देणार नाही, तुझ्या फितीवाल्याला तर मुळीच नाही. तुला देईन, त्याच खोलीत, तुझ्या हातात. करवत घेऊन ये हवं तर. पण आधी त्या गादीवर आडवी हो. उठल्यावर तुला ती रांग वाकडी वाटली, तर पहिला घाव घालायला मी तुझी पिशवी धरून उभी राहीन.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी अंथरूण पसरून ठेवलंय. बघू तू येतेस का.

आडमुठी


गुरुवार, १३ मार्च

ताई,

तू येऊन गेलीस आणि मी परत पत्रच लिहितेय. समोरासमोर आपल्याला जमत नाही हे आता सिद्ध झालं. तू दारात उभी राहून "बारीक झालीस" म्हणालीस आणि मी "तू नाही" म्हणाले. पाच वर्षांनी भेटलेल्या बहिणी आपण.

तू पर्स खुर्चीवर ठेवलीस, चपला काढल्यास, चष्मा पुसलास. मी खिडकीशी उभी होते, तुझ्याकडे मुद्दाम बघत नव्हते. तुझे केस इतके पांढरे झालेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग गादीखालची फळी करकरली. मला वाटलं आता म्हणशील, योगायोग. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत.

आणि तू बाहेर बघता बघता उजवा हात वर केलास. कडीकडे. बघितलंही नाहीस, हात आपोआप गेला. तिथे पट्टा नव्हता म्हणून तो हात हवेत तसाच राहिला.

मग पडल्या पडल्याच तू फोन मागितलास. अध्यक्षांना म्हणालीस, "माझा आराखडा मी मागे घेतेय. हो, मीच. चूक माझी आहे, मी अर्धंच घर मोजलं होतं." मला तुझ्या पर्समधला रुमाल तुला द्यावासा वाटला, दिला नाही. उगाच कशाला खोटं बोलू, त्या क्षणी मी जिंकल्याचा आनंद घेत होते. पुरेपूर.

पण शिष्योत्तमाची चिठ्ठी काल आली. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत तू म्हणे तळटीप देणार, "पश्चिमेच्या रांगेबद्दल पर्यायी मतही मांडले गेले आहे." हे चालायचं नाही. पर्यायी मत नाही ते. फोनवर अध्यक्षांना बोललीस तसंच छापायचं, 'मी अर्धंच घर मोजलं होतं', तुझ्याच शब्दांत, तळाला नाही, वर. वेष्टनावरचं चित्र पुन्हा काढायचं. दुसरा अर्धा भाग मी मोजून देते, माझी मापं तुला बिनशर्त. नोकरी परत मिळालीय, पगारी वेळेतच मोजेन.

आता शेवटचं. जाताना तू दारात थांबून विचारलंस, "आईला काय दिसायचं गं, तिच्या पलंगावरून?" मी म्हटलं, "आठवत नाही." आठवतं. तुझ्या तोंडावर सांगवेना.

पलंग आधी खिडकीकडे होता. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची आणि तिच्यावर बसणारे कावळे. मी म्हटलं होतं, आई, झाडाच्या कुंड्या लावते बाहेर, फुलं दिसतील. ती म्हणाली, "कुंड्या राहू दे. पलंग फिरव." फिरवला. मग तिला दार दिसायचं. ती कुशीवर वळायची ती तिकडेच, तुझ्या पिशवीचा पट्टा धरून. बेल वाजली की आधी मान, मग खांदा. पेपरवाला, दूधवाला, शेजारीण. प्रत्येक वेळी तेवढंच बळ लावून. तू येशील म्हणून बघायची, आणि नाही आलीस की म्हणायची, "कामात असेल. ती सगळ्यांची घरं सांभाळते."

हे तुला रडवायला लिहिलेलं नाही. रडायचं तर रड, माझी ना नाही. तुला माहीत असायला हवं होतं एवढंच, आणि सांगणारी मी एकटीच उरलेय.

आणि हो, लाल फिती अजून झाडांवर आहेत. वाऱ्यानं त्यांचा फडफडाट चालू असतो, पाहुणे विचारतात कसला उत्सव आहे. माळी सोडायला निघाला होता, मी अडवलं. मी सोडणार नाही, मावशी सोडणार नाहीत. तू बांधायला लावल्यास, तू येऊन सोड. एकेक, स्वतःच्या हातानं. एका दिवसात होणार नाही, राहायच्या तयारीनं ये. माझ्या दाराचं माप घ्यायची गरज नाही, तू मावशील.

फक्त एक लक्षात ठेव. मी आई नाही. मी काही दाराकडे तोंड करून पडून राहणार नाही. मला कामं आहेत, अर्धं घर मोजायचं राहिलंय. आलीस की बेल वाजव, आणि उघडेपर्यंत थांब.

तुझी
आडमुठी